थोरल्याची खिडकीची जागा

५ मार्च

धाकटीस,

तुझा चेलो विमानात मोडला असं कळलं, म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं, आणि तूही माझ्या पत्राकडे डोळे लावून बसली नव्हतीस हे मला माहीत आहे.

बातमी चुलतभावाकडून आली. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही तू त्याला सांगितलंस, म्हणजे ती माझ्यापर्यंत पोचावी अशी तुझी इच्छा असावी असं धरून चालते. तसं नसेल तर कळव.

त्याच्याकडून समजलं ते असं. विमानात चढताना वर जागा नाही म्हणून त्यांनी पेटी तुझ्या हातातून काढून घेतली आणि खाली सामानात टाकली. उतरल्यावर उघडलीस तर चेलोची मान धडापासून सुटलेली. दुरुस्तीला काही महिने लागतील. इकडे वाद्यवृंदातल्या कायमच्या खुर्चीसाठी सत्तावीस तारखेला तुझी चाचणी आहे, आणि या वयात ती पुन्हा होणार नाही. सध्या कुणाचा तरी उसना चेलो वापरते आहेस आणि त्याची खालची तार घोरते. चुलतभाऊ म्हणाला, “ताई, ती रडत नव्हती, पण म्हणाली की उसन्या वाद्यावर मी स्वतःलाच उसनी वाटते.”

मी सांगितलं होतं, असं मी लिहिणार नाही. पेटी कडक होती का, मानेखाली आधार होता का, तारा किती उतरवल्या होत्या, हेही विचारणार नाही. मात्र या प्रश्नांची उत्तरं तू स्वतःला द्यावीस.

मुद्दा असा की थोरला माझ्याकडे आहे आणि उत्तम स्थितीत आहे. बाबांनी तो घेतला तेव्हा तुझा-माझा पत्ता नव्हता, म्हणून ते पाहुण्यांना सांगायचे, “हा आमचा चेलो नाही, थोरला मुलगा आहे.” पाहुणे गेले की आई म्हणायची, “तीन पोरांत तेवढा एकच शहाणा. हात लावल्याशिवाय तोंड उघडत नाही.”

बाबा गेल्यावर तू तो मागितलास आणि मी म्हटलं, थोरला विमानात बसणार नाही. ते मी आजही मागे घेत नाही. तेव्हा तुझ्याकडे कापडी खोळ होती. कापडी पिशवीतून मी टोमॅटोसुद्धा जपून आणते. तू त्यातून भलताच अर्थ काढलास आणि इतकी वर्षं तो धरून बसलीस. तो तुझा प्रश्न.

थोरला तुला हवा आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

ताई

८ मार्च

धाकटीस,

तुझं उत्तर ईमेलनं मिळालं. “गरज नाही. तू त्रास घेऊ नकोस.” यातलं पहिलं वाक्य खोटं आहे आणि दुसरं उर्मट. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं उत्तर आलं, “कसा आणणार?” ते मात्र सरळ आहे, म्हणून त्याचं उत्तर देते.

पार्सलनं पाठवणार नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढली, तिथे पार्सलनं मागवलेली काचेची उपकरणं आम्ही चाळणी घेऊन उघडत असू. सामानातही टाकणार नाही. त्याचा निकाल तू पाहिलाच आहेस. कुणाच्या हाती पाठवावा तर असं कुणी नाही. “येऊ नकोस” असं तू लिहिलेलं नाहीस, पण दोन ओळींच्या मधली जागा मला वाचता येते. मीच येणार आहे. थोरल्यासाठी वेगळं आसन घेतलं आहे. तुझ्या घरी उतरणार नाही. जवळपास एखादी खोली बघून ठेव.

आसन मिळवताना थोडा घोळ झाला. तो माझ्याकडूनच झाला, म्हणून आधीच सांगून टाकते, नाहीतर चुलतभाऊ तिखटमीठ लावून सांगेल. तो शेजारीच बसला होता आणि उशीत तोंड खुपसून हसत होता.

विमान कंपनीच्या फोनवर एक मुलगी होती. विचारते, “प्रवासी किती?”

“दोन.”

“दुसऱ्या प्रवाशाचं नाव?”

सवयीनं तोंडातून गेलं, “थोरला.” घरात आपण त्याला दुसरं काही म्हटलंच नाही कधी.

“वय?”

“शंभराच्या वर. नक्की वडिलांनाही माहीत नव्हतं.”

ती फार मायेनं म्हणाली, “आजोबांना व्हीलचेअर लागेल का?”

“नको. मी उचलते.”

“बाई, तुम्ही उचलणार?”

“नेहमी मीच उचलते. पाठीला पट्टे आहेत.”

इथे चुलतभाऊ खोलीबाहेर पळाला. मग पासपोर्टचा विषय निघाला आणि माझ्या लक्षात आलं. मी त्या मुलीला स्पष्ट सांगितलं की हे वाद्य आहे, ते आसनावर बसेल, त्याला पट्टा लागेल आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर ते माझ्यापासून वेगळं केलं जाणार नाही. तिनं पेटीची लांबी-रुंदी विचारली. मी मिलिमीटरमध्ये दिली. “एवढं नेमकं नको होतं,” म्हणाली. नेमकं नको असेल तर विचारायचं कशाला?

हे सगळं मी त्यांच्याकडून पत्रावर घेतलं आहे, सहीशिक्क्यासह. दारात उभा असलेला माणूस फोनवरच्या मुलीला ओळखत नसतो. तुला हे आधी करता आलं असतं. असो.

ताई

१४ मार्च

धाकटीस,

वाईट बातमी आहे आणि ती मी झाकणार नाही.

आज बांधाबांध करून बघितली. ऐन वेळी घाई नको म्हणून. बाबा दौऱ्यावर निघताना करायचे तसंच सगळं केलं. चारी तारा पूर्ण सोडल्या. तारांखालची घोडी काढून फडक्यात गुंडाळली. मानेला रजईची घडी. हे सगळं मला तोंडपाठ आहे. लहानपणी किती वेळा समोर बसून पाहिलं. पेटी बंद केली, उभी केली, तर आत टक् असा आवाज आला.

उघडून बघितलं, बाहेरून काहीच पडलेलं नव्हतं. हलवलं की आत काहीतरी घरंगळत होतं. बॅटरी लावून फटीतून पाहिलं. पोटाच्या आत पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये जो छोटा लाकडी खांब उभा असतो, तो आडवा पडला होता.

त्याशिवाय वाद्याला आवाज राहत नाही एवढं मला कळतं. तो कसा उभा करतात हे कळत नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्यांचं दुकान आज बंद आहे. उद्या सकाळी उघडायच्या आत मी दारात असेन. माझं कुठे चुकलं हे तुला माहीत असेल तर लिही. मला अजून कळलेलं नाही.

ताई

१६ मार्च

धाकटीस,

“बाबा आगगाडीनं जायचे, ताई, आणि मुक्कामाला पोचले की अख्खी दुपार तो खांब उभा करत बसायचे! बॅटरी कोण धरायचं? मी!”

तुझं हे वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यातला आवाज ऐकू आला आणि राग आला. दुसऱ्यांदा समजलं. बाबा निघायचे तेव्हा मी घरी असायची. पोचायचे तेव्हा तू बरोबर असायचीस. माझी परीक्षा असायची, म्हणून दौऱ्याला तू. थोरला झोपवायचा कसा ते मला माहीत, उठवायचा कसा ते तुला. इतकी वर्षं आपण दोघीही समजत होतो की आपल्याला सगळं येतं.

आता बरं आहे. दुरुस्तीवाल्यांनी काल खांब जागेवर बसवला. वाकडी लांब सळई फटीतून आत घालून ते काम करतात, आणि करताना एक डोळा मिटून जीभ बाहेर काढतात. तारा पुन्हा चढवल्या. मी त्यांना सांगितलं की वडिलांची पद्धत अशीच होती. म्हणाले, “तुमच्या वडिलांच्या काळी हमाल गाणं म्हणत सामान उतरवायचे. आता फेकतात. पद्धत कशी तीच राहील?”

त्यांनी सांगितलेलं आणि तू लिहिलेलं जुळतं, म्हणून तसंच करणार आहे. तारा फक्त एखाद्या स्वरानं उतरवायच्या, सोडायच्या नाहीत. त्यांच्या दाबानंच घोडी आणि खांब जागेवर राहतात. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड. पेटीत सुटी वस्तू एकही नको. वाजवायच्या गजाचे केस सैल. पेटीत ओल्या स्पंजची नळी, कारण विमानातली हवा लाकडाचं पाणी शोषून घेते. हे शेवटचं मला आधीच माहीत होतं.

काम झाल्यावर ते म्हणाले, “जरा वाजवून बघा, बाई.” मी म्हटलं, मी वाजवत नाही. त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या बोटांकडे जरा निरखून बघितलं. मग स्वतःच गज फिरवून बघितला. आवाज ठीक आहे. निदान मला ठीक वाटला. मी आल्यावर तू बघ.

खोली मिळत नाही असं तू लिहितेस. तुझ्या शहरात एकही भाड्याची खोली नाही, यावर माझा विश्वास नाही. सोफ्यावर झोपेन.

ताई

२१ मार्च

धाकटीस,

परवा निघते. पेटी भरून तयार आहे, दाराजवळ नाही, पलंगाशेजारी.

तू विचारलंस, “इतकी वर्षं पडून आहे, आवाज बसला असेल ना?” पडून नाही. वाद्य वाजतं ठेवावं लागतं हे मला कळतं. अधूनमधून मी त्यावर गज फिरवते. देखभाल म्हणून. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालावं तसं.

यावर तुझी भलतीच समजूत कुणी करून देऊ नये म्हणून खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं लिहून ठेवते. त्यांना घराची किल्ली द्यायला गेले होते. दाराशी पेटीचा विषय निघाला.

“म्हणजे आता संध्याकाळी काही ऐकू येणार नाही?” त्या म्हणाल्या.

“त्रास होत असेल तर आधीच सांगायचं.”

“त्रास कसला! देखभाल फार मनापासून करता हो तुम्ही. ती चाल मला पाठ झाली आहे. तुम्ही जिथे अडखळता ना, तिथे भांडी घासता घासता माझाही हात थांबतो.”

बाई ड्यूटीवरून दमून येतात, त्यांना काहीही ऐकू येत असेल. चाल वगैरे काही नाही. बाबा नवशिक्यांना जे द्यायचे तेच चार ओळींचं. तू सहाव्या वर्षी आठवड्यात संपवलंस ते.

चाचणीत काय वाजवणार आहेस ते कळवलं नाहीस. मला कळून उपयोग नाही हे खरं, पण कळव.

ताई

२३ मार्च, मधल्या विमानतळावरून

धाकटीस,

पुढचं विमान उशिरानं आहे. थोरला शेजारच्या खुर्चीवर आहे, पट्टा माझ्या मनगटाला. आत्ताच लिहिते, कारण समोरासमोर हे सांगणं मला जमणार नाही.

दारावर अपेक्षेप्रमाणे झालं. गणवेशातली बाई म्हणाली, “ही पेटी खाली सामानात.” मी पत्र काढलं. ती म्हणाली, “असलं पत्र मी कधी पाहिलं नाही.” मी म्हटलं, “म्हणून तर आणलं आहे.” तिनं वरच्या साहेबांना बोलावलं, साहेबांनी शिक्का दोन्ही बाजूंनी तपासला, आणि आम्हाला आत सोडलं. ही जिंकल्याची गोष्ट नाही. पत्र नसतं तर तुझ्यासारखीच मीही हात चोळत उभी राहिले असते, हे मला त्या वेळी समजलं. त्यांच्याशी वाद घालण्याइतकं बळ तुझ्यात नव्हतं असं मी मनात धरलं होतं. तसं नव्हतं. तुझ्या हातात कागद नव्हता एवढंच.

खरी अडचण पुढे, तपासणीत आली. पेटी यंत्रात शिरेना. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, “यात काय आहे?”

“चेलो.”

“म्हणजे?”

“मोठं व्हायोलिन समजा.”

“एवढं मोठं? धरतात कसं?”

“बसून.”

त्यानं पेटी उघडायला लावली. स्पंजच्या नळीवर चर्चा झाली. गजाच्या केसांना लावायच्या राळेच्या वडीचा वास घेतला गेला. मग थोरल्याच्या पोटावर टिचकी मारून तो म्हणाला, “पोकळ आहे.” पोकळ डोक्याचीही तपासणी होते का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तुझी चाचणी डोळ्यांपुढे होती.

“वाजवून दाखवा,” तो म्हणाला.

“काय?”

“खरंच वाद्य असेल तर वाजेल ना. वाजवा, आणि जा.”

मागे रांग. लोकांच्या हातात बूट, पट्टे, किल्ल्या. मी नकार देऊ शकले असते. मग पेटी बाजूला ठेवली असती, कुणी वरिष्ठ आला असता, विमान गेलं असतं. मी लोखंडी बाकावर बसले, गजाचे केस ताणले, तारा सुरात आणल्या. आणल्या म्हणजे जितक्या मला येतात तितक्या. आणि ते चार ओळींचं वाजवलं. पूर्ण. तिसऱ्या ओळीत अडखळले, तिथे थांबून परत मागे गेले आणि पुढे वाजवलं. एक बाई हातात एक बूट घेऊन एका पायावर उभी राहून ऐकत होती.

“बेसूर आहे हो,” अधिकारी म्हणाला. वाईट हेतूनं नाही; आश्चर्यानं.

“वाद्य सुरात आहे. मी बेसूर आहे.”

“मग तुम्ही कशाला नेताय?”

“माझी बहीण वाजवते.”

तो स्वतः पेटी बंद करू लागला. मी त्याला घोडीजवळचं कापड आधी ठेवायला लावलं.

तर हे असं आहे. मी थोरला वाजवते. देखभाल म्हणून नाही. निवृत्त झाल्यावर सुरू केलं, रोज संध्याकाळी, दिवे लागले की. शिकवायला कुणी नाही. बाबा तुझी शिकवणी घेत असायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसलेली असायची. तेवढं ऐकलेलं भांडवल. हात एकाच जागी ठेवून जे स्वर येतात तेवढेच येतात, हात वर सरकवायचा की घाबरते. लक्षात ठेव, मी गाऱ्हाणं मांडत नाही. त्या वेळी मला भौतिकशास्त्र हवं होतं आणि ते मला मिळालं. फक्त, तू “पडून आहे” लिहिलंस ते चूक होतं, आणि चुकीची नोंद मी राहू देत नाही.

मघाच्या विमानात थोरल्याला खिडकीची जागा मिळाली. मधे बसवला तर आतल्या माणसाची वाट अडते, असा नियम आहे, आणि तो रास्त आहे. पट्टा तोकडा पडला, जोडपट्टा मागून घेतला. माझ्या पलीकडे फरश्या विकणारे एक गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ पेटीकडे पाहून विचारलं, “बरोबर कोण आहे म्हणायचं?”

“थोरला भाऊ.”

“बोलत नाहीत फारसे.”

“आमच्या घरात तेवढा एकच.”

चहा देणारी मुलगीही थट्टेखोर निघाली. “यांना काही प्यायला?” मी सांगितलं, त्यांचं पाणी पेटीतच दिलेलं आहे.

विमान उतरताना हादरा बसला तेव्हा मी पेटीवर हात ठेवला. त्याचा काही उपयोग नसतो. ठेवला.

ताई

२८ मार्च, तुझ्या स्वयंपाकघरातून

धाकटीस,

तू करारावर सही करायला गेली आहेस. परत आलीस की आपल्याला विमानतळावर निघायचं आहे आणि गाडीत तू बोलत राहशील, म्हणून हे टेबलावर ठेवते. मोजपट्टीला बोलता येत नाही असं तू काल म्हणालीस. कॉलेजातली पोरं मला मोजपट्टी म्हणायची हे मी तुला सांगायला नको होतं.

आधी चाचणीबद्दल. तू विचारलंस “कसं झालं?” आणि मी म्हटलं “बरं झालं.” ते अपुरं आहे. मी बाहेरच्या लांब बाकावर बसले होते. तुझ्याआधी दोघांचं ऐकलं, दोघंही उत्तम वाजवत होते. मग तू सुरू केलंस. मी ताबडतोब थोरला ओळखला, आणि लगेच वाटलं, ओळखला नाही. बाबांचा आवाज तो नव्हता. माझा तर नव्हताच. चार वर्षं मी त्या पोटातून जे काढत होते ते त्यातलं पाव हिस्साही नव्हतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, म्हणून जरा वाट बघितली. नाही वाटलं. शेजारी बसलेली कुणाची तरी आई म्हणाली, “ही कोण वाजवतेय?” मी म्हटलं, “आमची धाकटी.”

आता काल रात्रीचं. जेवताना तुला माझ्या पाकिटात थोरल्याचं परतीचं तिकीट दिसलं.

“परत न्यायचा आहे?” तू विचारलंस.

“जाऊन-येऊन एकदम काढलं की सोपं पडतं.”

“ताई, तुला खोटं बोलता येत नाही. मिलिमीटरमध्ये बोलतेस.”

मी भाजी वाढून घेतली. तू म्हणालीस, “ठीक आहे. उसना आणलास, उसना ने. खुर्ची मिळाली, आता वाद्यवृंद देईल मला काहीतरी. मी पुन्हा तुझ्याकडे मागणार नाही.” आणि आत गेलीस. दार आपटलं नाहीस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

खरं ते लिहिते. तिकीट काढलं तेव्हा परत न्यायचा असंच ठरवलं होतं. चाचणीपुरता द्यायचा, खुर्ची मिळाली की आणायचा. संध्याकाळी मला दुसरं काही नाही. हे तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच पत्राला नाही म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही.

सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी थोरल्याची पेटी उघडली. तू रात्री त्याच्या तारा पुसून, घोडी सरळ करून, न्यायला तयार करून ठेवला होतास. कापड घोडीच्या दोन्ही बाजूंना, माझ्यापेक्षा नीट. रागावलेल्या माणसानं इतकं नीट बांधायचं नसतं.

मी ती बांधणी सोडली. थोरला तुझ्या खोलीत खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. ऊन नको, हीटरही नको. मग कपाटावरचा तुझा मोडका चेलो खाली काढला, त्याच्याच पेटीत भरला, सुटलेली मान वेगळी गुंडाळून पायाशी बांधली. विचारलं नाही. हरकत असेल तर विमानतळावर भांड, तिथे वेळ भरपूर असतो. आसन कंपनीनं वाद्यासाठी दिलं आहे; कुठल्या वाद्यासाठी ते पत्रात लिहिलेलं नाही, मी तपासलं.

इथले लोक चार महिने म्हणतात. आमचे दुरुस्तीवाले जीभ बाहेर काढून दोन महिन्यांत करतील. त्याचा आवाज पहिल्यासारखा होणार नाही असं तू म्हणालीस. तुझ्या कामाचा होणार नाही. माझ्या होईल.

खाली नोंद केली आहे. वाचून सही कर. एक प्रत तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

ताब्याची नोंद

दिलं: थोरला, कायमचा. मान, घोडी, आतला खांब जागेवर. तारा सुरात, तू लावलेल्या. उजव्या कडेचा ओरखडा जुना आहे, तुझ्या सायकलचा. कडक पेटी, कुलपासह. बाबांचा गज, केस नवे. राळेची वडी, अर्धी. ओलावा मोजायचं यंत्र; रोज बघणे, अंदाजानं चालवू नये. विमान कंपनीच्या पत्राची नक्कल, पुढच्या दौऱ्यात नमुना म्हणून. असं पत्र हातात असल्याशिवाय त्याला घेऊन घराबाहेर पडू नये.

घेतलं: तुझा चेलो, मान सुटलेली, पोट शाबूत. त्याची पेटी. तुझ्या कपाटातला जादा गज, केस विरळ, मला पुरेसे.

शेरा: दोन महिने माझ्याकडे वाद्य नाही. तोवर हात पहिल्या जागेवरून वर कसा सरकवायचा, हे तोंडी सांगता येण्यासारखं असेल तर रविवारी फोनवर सांग. टेबलाच्या कडेवर सराव करेन. नर्सबाईंना आवाजही जाणार नाही.

देणार: ताई.
घेणार: (इथे सही कर.)